बिनविस्तवाची चिलीम

आमच्या हॉटेलातली पाटी प्लास्टिकची आहे, म्हणून तिला भोकं पडली. 'येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे' असं लाल अक्षरांत लिहिलेलं आणि खाली विडीवर मारलेली आडवी रेघ. नगरपालिकेची माणसं मागं कधीतरी येऊन ठोकून गेली. त्यांनी ती दाराजवळच्या टेबलाच्या वर, बसल्या जागी हात पोचेल अशी लावली. तेव्हापासून गिऱ्हाइकं विडी संपली की तिच्यावरच विझवतात. चित्रातली विडी जळून गेली आहे, रेघ तेवढी राहिली आहे.

हॉटेल चिखलीला, बाजार समितीच्या फाटकासमोर. सासऱ्यांनी टाकलं, ह्यांनी चालवलं. सकाळी पोहे आणि आलुबोंडे, दुपारी झुणका-भाकर आणि कढी, चहा दिवसभर. माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल, अडते, तहसीलला खेपा घालणारी माणसं, सगळी इथंच टेकतात. मी मागं भट्टीजवळ असते, माझ्याशेजारी कलाबाई भाकरी थापते, आणि हे समोर गल्ल्यावर, गजानन महाराजांच्या फोटोखाली. फोटो मोठा आहे. महाराज बसलेले आहेत आणि त्यांच्या हातात चिलीम आहे.

ह्यांनी जन्मात विडी ओढली नाही. तरी गेल्या पावसाळ्यापासून छाती वाजायला लागली. जिना चढताना थांबायचे, बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायचे. बुलढाण्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, दिवसाला किती ओढता. हे म्हणाले, एकही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. नवरे लपवतात आणि बायका सांगून टाकतात, असा त्यांचा अनुभव असावा. मीही नाही म्हटलं तेव्हा त्यांनी धंदा विचारला. हॉटेल म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाले, तुम्ही ओढली नाही, पण गिऱ्हाइकांनी सोडलेली सगळी तुमच्या छातीत जाऊन बसली आहे. औषधाचा एक पंप लिहून दिला आणि सांगितलं, गल्ल्यावर बसायचं असेल तर हॉटेलात धूर नको. धूर बंद होत नसेल तर गल्ल्यावर बसू नका.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी गप्प होते. साऱ्या रस्त्यात एकदाच बोलले.

"घरी बसून काय करू व मी? भिंतीसंगं बोलू?"

त्यात सगळं आलं. चहा विकणं हे ह्यांच्या लेखी निमित्त आहे. कोणाची तूर काय भावानं गेली, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोणत्या भावकीत शेताच्या धुऱ्यावरून पुन्हा सुरू झालं, हे ऐकल्याशिवाय आणि त्यात आपली एक पुस्ती जोडल्याशिवाय ह्यांना जेवण पचत नाही. घरी बसवलं तर हा माणूस औषधपाण्यानंही टिकायचा नाही, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून धूर बंद करायचा, असं मी ठरवलं. मीच ठरवलं, कारण ह्यांच्या तोंडून कोणाला 'नको' निघत नाही.

पण माझ्या तोंडून तरी कुठं मोठ्यानं काही निघतं? सकाळी उठून तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, आणि तो संपेपर्यंत मौन, हे सासूबाईंनी लग्नानंतर लावून दिलं. त्या मौनाची सवय दिवसभर पुरते. मी टेबलाटेबलाशी जाऊन हळूच सांगायची, भाऊ, तेवढी बाहेर जाऊन ओढता का, ह्यांना त्रास होतो. अर्ध्या लोकांना ऐकूच जायचं नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं कोणालाही भांडणासारखंच वाटतं.

माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. हमाल मंडळी काही न बोलता उठून बाहेर जायची, पण पुन्हा आत यायचीच नाहीत, चहा बाहेरच मागवायची. एक म्हातारे शेतकरी मला समजावत बसले की त्यांचे वडील लेकरं मांडीवर घेऊन विडी ओढत आणि त्यांतलं एक लेकरू ते स्वतः, पहा, काय झालं? एकानं विचारलं, मग खर्रा तरी चालते ना, का थोही नाही? चालतो म्हटल्यावर त्यानं तोंडातला तंबाखू माझ्या पायरीशी थुंकला. नीळकंठ सर, निवृत्त शिक्षक, रोज पेपर वाचायला येतात. त्यांना कायदा पूर्ण मान्य होता. शाळेत त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं. चांगले कायदे आपल्याकडं कसे कागदावर राहतात, हे ते शेजारच्या टेबलाला सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांनी सिगारेट पेटवली. मी जवळ जाऊन उभी राहिले तर म्हणाले, ही शेवटची, वहिनी. ते रोज असं म्हणत.

पुण्याहून सुचिता, आमची मुलगी, फोनवर म्हणाली, आई, दंड असतो, सरळ पोलिसांना कळव. तिचं बरोबर होतं. पण ज्यांच्या घरच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली त्यांना पोलीस दाखवायचा, हे तिला पुण्यात बसून सुचतं, मला चिखलीत सुचत नाही.

फरक पडला तो बायकांना. बसची वाट पाहणाऱ्या बायका पूर्वी दाराबाहेर उभ्यानं चहा घ्यायच्या. त्या आत येऊन बसायला लागल्या. बोलल्या काही नाहीत. पिशव्या मांडीवरून खाली ठेवायला लागल्या, एवढंच.

गोविंदा मात्र हलला नाही. गोविंदा अडत्या आहे, ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. गल्ल्याला लागून असलेलं बाकडं त्याचं. तिथं बसून तो सौदे करतो, थट्टा करतो आणि एकावर एक विड्या ओढतो. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा दुपारची गर्दी होती. त्यानं विडी हातात तशीच धरून वर बोट केलं.

"वहिनी, थे वरतं कोण बसेल हायेत?"

मी म्हटलं, महाराज.

"त्यायच्या हातात काय हाये?"

हॉटेल शांत झालं.

"मंग आधी त्यायले बाहीर जा म्हणा. त्यायच्या मागं मी जातो."

सगळे हसले. हेही हसले. हसता हसता ह्यांना खोकला लागला आणि मग कोणी हसलं नाही. तेवढ्यावर राहिलं असतं, पण गोविंदाला आपल्या थट्टेचाच रंग चढला होता. आवाज उतरवून, जसं काही माझ्याच भल्याचं, तो म्हणाला, "पोथी तं तुम्ही रोज वाचता. सोनारानं महाराजायच्या चिलमीले विस्तव नाही देला, तं त्याच्या घरचं चिंचवणं नासलं. पंगत तशीच उठली. हाटेलवाल्यानं तं हे ध्यानात ठेवलं पाह्यजे."

ही गोष्ट आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. अक्षय तृतीयेचा दिवस, महाराजांनी चिलमीसाठी सोनाराच्या घरून विस्तव मागवला, त्यानं नाही म्हटलं, आणि त्याच दिवशी त्याच्या पानावरचं चिंचवणं, म्हणजे चिंचेचं सार, नासलं. मी ती किती वेळा वाचली असेल. पण वाचताना मी नेहमी मागणाऱ्यांच्या बाजूला उभी असायची. सोनाराच्या जागी आपण उभं राहू, हे कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध फाटलं.

रात्रभर लाईट नव्हती. वैशाखाचं ऊन, फ्रीज बंद, संध्याकाळचं दूध. ते फाटणारच होतं. कलाबाई म्हणालीही, "लाईट नव्हती न बाई." मला ते ठाऊक होतं, आणि तरी पातेल्यात दुधाचा चोथा वर येताना पाहून मला सोनाराचं चिंचवणं आठवलं. गोविंदा आला, चहा नाही हे कळलं. त्यानं नुसतं फोटोकडं पाहिलं. पण ऐकलेलं साऱ्यांनी होतं, आणि दुपारपर्यंत बाजार समितीत ज्याला त्याला कळलं की पुंजाजीच्या बायकोनं विडी बंद केली आणि महाराजांनी तिचं दूध नासवलं. कोणी दारातूनच विचारायचं, चहा हाये, का नासला?

त्या दिवशी मी कोणाला बाहेर जा म्हटलं नाही. त्यानंतरही नाही. माझ्यात जोर उरला नव्हता. माणसाशी भांडता येतं, निदान भांडायचा विचार तरी करता येतो. हे वेगळं होतं. धूर जसा गेला होता तसाच परत आला, बायका पुन्हा दाराबाहेर उभ्या राहिल्या. हे म्हणाले, "राहू दे व. माणसं आपलीच हायेत." आणि पंप गल्ल्याच्या फळीखाली लपवून ओढायला लागले, जणू व्यसन ह्यांनाच होतं.

गुरुवार आला. गुरुवारी मला उपास असतो. रोजच्यासारखी दिवेलागणीला मी धुपाची तयारी केली. सासूबाईंचं पितळी धुपाटणं आहे. गोवरीचा निखारा त्यात घ्यायचा, वर राळ आणि गुग्गुळ टाकायचा, आधी महाराजांना, मग गल्ल्याला, मग एकेका टेबलाला आणि शेवटी उंबऱ्याला दाखवायचा. मी हॉटेलात आले तेव्हापासून हे चुकलेलं नाही. बाळंतपणात सासूबाईंनी केलं, त्या गेल्या त्या दिवशी शेजारणीनं. आमची गिऱ्हाइकं टोप्या काढून धूर ओंजळीनं चेहऱ्यावर घेतात. गोविंदाही घेतो, विडी बाकड्याच्या कडेला ठेवून.

त्या गुरुवारी राळ जरा जास्तच पडली. मनात जे चाललं होतं त्याची भरपाई असावी, असं आता वाटतं. फोटोसमोर धुपाटणं धरलं की खाली गल्ल्यावर ह्यांचं डोकं येतं. हे हात जोडून, डोळे मिटून बसलेले. धुराचा लोट उठला, ह्यांच्या डोक्यावरून फोटोकडं गेला आणि छताला लागून परत खाली आला. ह्यांचे हात जोडलेलेच राहिले. तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही, आणि हवा आत गेली नाही. मला वाटलं, हे नाव घेत आहेत.

गोविंदाला आधी कळलं. तो बाकडं ओलांडून आला, माझ्या हातातलं धुपाटणं ओढून त्यानं रस्त्यावर भिरकावलं. निखारे डांबरावर विखुरले. ह्यांना त्यानं लेकरासारखं उचललं आणि आपल्या जीपमध्ये टाकलं. मी अनवाणीच चढले.

दवाखान्यात तोंडाला वाफेचा मास्क लावला, सुई दिली, आणि हळूहळू ह्यांच्या ओठांना रंग आला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशानं झालं? गोविंदा खाली मान घालून म्हणाला, विडीनं. त्यानं ते स्वतःवर घेतलं. मी म्हटलं, नाही, धुपानं. बाईंनी दोघांकडं पाहिलं. त्यांनाही दिवसभराचा थकवा आलेला असावा. म्हणाल्या, छातीला त्यातला फरक कळत नाही हो, काकू. धूर म्हणजे धूर.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मी आणि गोविंदा बसलो. मग तो म्हणाला, "वहिनी, रागानं नाही इचारत. तुमचा बंद करसान का?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. त्याची विडी ही सवय होती, माझा धूप हा नेम होता. सवय सुटते, नेम मोडतो. मोडलेल्या नेमाचं काय होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला सासूबाई नव्हत्या.

ह्यांना घरी आणलं. रस्त्यावर पडलेलं धुपाटणं गोविंदानंच कोणाहाती पाठवलं, त्याला एका बाजूनं पोचा आला होता. पुढं अध्याय फिरत फिरत सोनाराच्या गोष्टीवर आला. मौनात वाचत होते. चिंचवण्यापाशी अडखळेन असं वाटलं होतं, पण मी त्याच्या अगोदरच थांबले. विस्तव मिळाला नाही. मग महाराजांनी शिष्याला सांगितलं, नुसती काडी धर. काडी धरली आणि चिलीम पेटली. विस्तवावाचून पेटली. साऱ्या गावाला नासलेलं चिंचवणं आठवतं, आणि ही पेटलेली चिलीम कोणालाच आठवत नाही. मलाही नव्हती आठवत. ज्याला विस्तव लागतच नव्हता त्यानं तो मागितला होता, आणि आम्ही त्यावरून एकमेकांना भीती घालत होतो.

धुपाटणं चिंचेनं घासलं, पुसलं आणि देवघरात रिकामं ठेवलं. महाराजांना जे सांगायचं ते सांगितलं. रडू आलं, ते आलं.

हे गल्ल्यावर परत बसायला लागले त्या दिवशी मंडळी पाहायला म्हणून जमली. कोणी केळी आणली, कोणी नुसतंच खांद्यावर हात ठेवून गेलं. ह्यांच्यासमोर त्या दिवशी कोणी विडी काढली नाही, पण खिसे चाचपणं चालू होतं. उद्या काढतील हे दिसत होतं. दिवेलागण झाली. सवयीनं टोप्या निघाल्या. मी मागून आले ती रिकाम्या हातांनी. फोटोपुढं हात जोडले, उंबऱ्याला हात लावून कपाळी लावला आणि वळले. ओंजळी करून बसलेल्या माणसांना कळेना की ओंजळीचं काय करावं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, धूप?

मी सांगितलं, धूप बंद. इथंही आणि घरीही.

नीळकंठ सरांच्या हातात न पेटवलेली सिगारेट होती. त्यांना शांतता सहन होत नाही, वर्गाची सवय. हसून म्हणाले, "मग आता महाराजांच्या हातातली चिलीमच तेवढी उरली, वहिनी."

"थे राहू द्या, सर," मी म्हटलं. "थे बिनविस्तवाची पेटली होती. तशी ज्याची पेटते, त्यानं इथं खुशाल ओढावी."

मी नेहमीच्याच आवाजात बोलले होते, पण त्या दिवशी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सर सिगारेटकडं पाहत राहिले. मग गोविंदा म्हणाला, "पेटवा, सर. पाहू द्या आम्हाले." तेव्हा हॉटेल हसलं. सरांनी सिगारेट पाकिटात घातली, पेपरची घडी केली आणि ते बाहेर निंबाखाली जाऊन उभे राहिले. गोविंदा त्यांच्या मागून गेला. त्यानं जाताना महाराजांकडं पाहून हात जोडले, आणि मला वाटतं तो मनातल्या मनात काहीतरी मिटवत होता.

त्या दिवसापासून आमच्या हॉटेलात विडी पेटली नाही. सांगायला हे चांगलं वाटतं. पण काही गिऱ्हाइकं कायमची फाटकापलीकडच्या हॉटेलात गेली. आणि ज्या बायका आत येऊन बसायला लागल्या होत्या, त्यांतलीच जनकाबाई मला म्हणाली, "विडी बंद केली थे लय चांगलं केलं, पण दिवेलागणीले धूप नाही म्हणजे लक्ष्मी उंबऱ्यावरून वापस जाते." विडी थांबवली म्हणून जेवढं ऐकलं नसेल तेवढं मी धूप थांबवला म्हणून ऐकलं. दिवेलागणीला माझा हात अजून धुपाटणं ठेवायच्या फळीकडं जातो, ते तिथं नाही हे कळतं, आणि परत येतो.

ह्यांची छाती निवळली. पंप कमी लागायला लागला. हॉटेलात हवा अशी मोकळी झाली की भज्यांचा वास फाटकापर्यंत जायचा. आणि त्या मोकळ्या हवेत हे एकटे बसायला लागले.

माणसं येत होती, पण आत टिकत नव्हती. पोहे खाल्ले की चहाचा गिलास घेऊन बाहेर निंबाखाली. तिथं एक तुटकं बाकडं होतं, गोविंदानं दुसरं आणून टाकलं, आणि हॉटेलाचं सारं बोलणं त्या झाडाखाली गेलं. आत ऐकू यायचं ते हसणं. कशावर हसले ते ऐकू यायचं नाही. हे गल्ल्यावरून मान उंच करून पाहायचे. पैसे द्यायला कोणी आलं की त्याला धरून ठेवायचे, काय म्हणत होता गोविंदा, कोणाचं सांगत होता? तो घाईत अर्धंमुर्धं सांगून पुन्हा बाहेर पळायचा. महाराजांच्या फोटोखाली ह्यांचा चेहरा मला दिवसेंदिवस त्या एसटीच्या खिडकीतल्यासारखा दिसायला लागला.

एका दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी भट्टीजवळून पाहिलं, हात बेसनानं भरलेले होते. ह्यांनी गल्ला बंद केला, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि ती घेऊन हे दाराबाहेर पडले, सरळ निंबाकडं, धुरात. हाक मारावी असं आलं. पण काय म्हणून मारायची? आत या, इथं हवा चांगली आहे, आणि बोलायला कोणी नाही?

हे तिथं पोचले आणि गोविंदानं हातातली विडी खाली टाकून चपलेनं विझवली. त्याचं पाहून बाकीच्यांनी विझवल्या. सरांनीही.

ह्यांचा आवाज आला. "ओढा बे. मी काय तुमचा मास्तर हाये का?"

कोणी ओढली नाही. खुर्चीला जागा केली, पुन्हा तुरीचं बोलणं सुरू केलं. पण ते जमेना. हातांना काही करायला नव्हतं. बोलता बोलता कोणाचा हात खिशाकडं जायचा आणि गुडघ्यावर परत यायचा. थोड्या वेळानं एकाला मालाच्या मापाचं आठवलं, तो गेला. एकाची बस होती. सरांना घरी काम निघालं. गोविंदा सर्वांत जास्त वेळ बसला. मग तोही उठला, येतो रे पुंजाजी म्हणाला आणि रस्त्यानं पुढं पानठेल्याशी गेला. तिथं त्यानं पेटवली. पेटवण्याआधी एकदा मागं वळून पाहिलं, आणि मग आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

माणुसकीनंच केलं सगळ्यांनी. त्यांच्या माणुसकीला नाव ठेवायला मला जागा नव्हती.

ऊन उतरलं तरी हे खुर्चीवर बसूनच होते, दोन रिकाम्या बाकड्यांसमोर. दिवेलागणीची वेळ झाली. हात फळीकडं गेला, परत आला. मी हात धुतले, दोन गिलास चहा गाळला, कलाबाईला भट्टीकडं पाहायला सांगितलं आणि बाहेर गेले. एवढ्या वर्षांत त्या हॉटेलाच्या गिऱ्हाइकांच्या बाजूला मी कधी बसले नव्हते. बाकड्यावर बसले. ह्यांनी जागा भरपूर असताना खुर्ची थोडी सरकवली.

चहा अर्धा झाल्यावर हे म्हणाले, "माह्यासाठी इझवल्या त्यायनं."

मी हो म्हटलं.

"मंग गेले काऊन?"

ह्याचं उत्तर ह्यांना ठाऊक होतं. मी ह्यांच्या छातीकडं कान दिला. वाजत नव्हती. रस्त्यावरून हमाल घराकडं चालले होते, पानठेल्याशी गोविंदाच्या विडीचं टोक मधूनच लाल व्हायचं. आत फोटोवरचा दिवा लागलेला इथून दिसत होता. धूर नव्हता म्हणून दिसत होता.

"बोल न व काही," हे म्हणाले.

मला बोलायचं काय ते सुचेना. बाजारातलं मला काही ठाऊक नसतं, कोणाची पोरगी कुठं दिली हे मला सर्वांत शेवटी कळतं. भट्टीजवळ घडतं तेवढंच माझ्यापाशी. पुष्कळ शोधलं.

"आज कढी जरा आंबट झाली," मी म्हटलं.

"कोणाची, आपली?" ह्यांनी विचारलं, आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आपलीच. कलाबाईनं ताक कालचं घातलं."

"मी तिले म्हणून राह्यलो होतो, कालचं घालू नको. आइकते का थे?"

"नाही आइकत," मी म्हटलं. मग तिच्या भाकरीचं सांगितलं, मग तिच्या सुनेचं. चहा थंड झाला होता तरी हे घोट घोट घेत होते, लवकर संपू नये म्हणून.